सहावीतल्या लेकीला 'स्वतः शोधलेली वस्तू' न्यायची आहे, खर्च शंभरच्या आत. सुचवा!

गोदाकाठ | ४ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. लेक सहावीत आहे. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, मराठी शाळा. विज्ञानाच्या बाईंनी पुढच्या महिन्यात 'माझा शोध' नावाचं प्रदर्शन ठेवलंय. अटी तीनच: वस्तू विकतची नको, खर्च शंभर रुपयांच्या वर नको आणि ती कशी सुचली हे मुलाने स्वतः उभं राहून सांगायचं. पहिल्या दोन अटींवर कुणी काही बोललं नाही, तिसऱ्या अटीवरून मात्र पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात हलकल्लोळ आहे.

लेकीचं पालुपद एकच, "मला काही सुचतच नाही." तिच्या बाबांनी यूट्यूबवरून पवनचक्की हेरून ठेवलीय आणि तिला ती नकोय. मी कॉमर्सवाली, दहावीनंतर विज्ञान सुटलं ते सुटलं. घरात पुठ्ठे, बाटल्या, सायकलच्या पंक्चर ट्यूबा, बाबांचा पक्कड-पाना एवढं साहित्य आहे. कल्पना द्या, प्लीज.

तिखटमीठ | ४ जुलै, रात्री १०:३१

पहिलं सांगतो, ज्वालामुखी नको. आमच्या पोराच्या शाळेत मागच्या वेळी एका रांगेत ज्वालामुखीच ज्वालामुखी. खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतून सगळे एकदम फसफसत होते, पाहुण्यांच्या बुटांवर लाव्हा. पलीकडच्या रांगेत सिरिंजवर चालणारे जेसीबी. हे सगळं स्टेशनरीच्या दुकानात पाकिटात तयार मिळतं. दुकानदार विचारतो, "कितवीचं देऊ?" जणू गाइडच मागतोय आपण.

आणि थर्माकोलवर बंदी येऊनही (२०१८ ची ना ती?) अर्धी मॉडेलं थर्माकोलचीच. असो. तुमच्या बाईंची तिसरी अट मला जाम आवडलीय.

मी_मीच | ४ जुलै, रात्री ११:०५

ताई, एवढा विचार करू नका. सहावीतलं मूल काय शोध लावणार? बाटलीचं ठिबक सिंचन करा, व्यवस्थित रंगवा, चार ओळी पाठ करून घ्या. मार्क मिळतात. पोरांना अभ्यासाचं ओझं काय कमी आहे?

बीसी५४७ | ५ जुलै, सकाळी ७:२०

टाकी भरल्याचा अलार्म करा. एक ट्रान्झिस्टर (आयडी बघा माझा, तो ट्रान्झिस्टरचाच नंबर), एक रेझिस्टर, छोटा बझर, नऊ व्होल्टची बॅटरी, दोन वायरी. पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं मिळून शंभरच्या आत बसतं. गावात टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे विचारा. सर्किट मी काढून देतो.

चिंचगुळ | ५ जुलै, सकाळी ८:०२

@बीसी५४७, सर्किट तुम्ही देणार, जोडणार तिचे बाबा, मग उभं राहून तिने काय सांगायचं? "माझा शोध मला एका काकांनी दिला"?

खडूफळा | ५ जुलै, दुपारी २:४५

गोदाताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. जरा सविस्तर लिहितो.

मुलांना "शोध लाव" म्हटलं की ती गोठतात. त्यांच्या डोक्यात शोध म्हणजे रॉकेट, रोबो आणि पांढरा कोट. म्हणून मी वर्गात तो शब्दच काढत नाही. मी सांगतो, घरी जा आणि कोण कशावरून कुरकुर करतं ते चार दिवस लिहून आणा. आजी, दूधवाला, शेजारच्या काकू, स्वतः तुम्ही. फक्त कुरकुर लिहायची, उपाय नाही. उपाय लिहायला लागली की मुलं लगेच 'सेन्सर लावायचा' आणि 'अ‍ॅप काढायचं' इथे जाऊन थांबतात.

मग वहीतल्या ज्या कुरकुरीचं मुलाला स्वतःला वाईट वाटतं, ती उचलायची. पुढचं सगळं तिथून सुटतं.

हे माझं डोकं नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यातला चेस्टर ग्रीनवुड १८७३ साली पंधरा वर्षांचा होता. स्केटिंग करताना कान गारठायचे आणि लोकरीची पट्टी टोचायची. त्याने तारेची दोन वळी केली आणि आजीला म्हणाला, यावर फर शिवून दे. झाले कानझाकणे. १८७७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं, पुढे गावात कारखाना निघाला. यात विज्ञान किती? कान दुखत होते, तार हाताशी होती आणि आजीला शिवणं येत होतं, एवढंच. आपल्याकडे पाटण्याच्या एका शाळकरी मुलीने वॉकरचे पुढचे पाय कमीजास्त करता येतील अशी कल्पना मांडली, कारण आजोबांना वॉकर घेऊन जिना चढता येत नव्हता. अहमदाबादच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने ती उचलून धरली.

@मी_मीच, सहावीतलं मूल काय शोधणार, याचं उत्तर हे आहे. मोठी माणसं गैरसोयीला सरावलेली असतात, मुलं अजून नसतात.

आणि ताई, एक काम खास तुमचं. तिने काही सांगितलं की लगेच "अगं, पण त्यात असं होईल" म्हणायचं नाही. "मग पुढे?" एवढंच विचारायचं. फार जड जातं, सांगून ठेवतो.

हडसनपारचा | ५ जुलै, संध्या. ६:३०

सरांना अनुमोदन. इथे न्यू जर्सीत मुलाच्या शाळेत 'इन्व्हेन्शन कन्व्हेन्शन' असतं, म्हणजे मुलांनी स्वतः शोधलेल्या वस्तूंचं प्रदर्शन. वस्तूइतकंच वजन रोजनिशीला. तारीख टाकून चित्रं, फसलेले प्रयोग, कुणी काय मदत केली तेही लिहायचं. "इथे भोक बाबांनी पाडलं" असं लिहिलेलं चालतं, उलट लपवलं तर परीक्षक बरोबर ओळखतात. बाजारात असं काही आधीच मिळतं का, हेही मुलाने शोधायचं. मुलीला दहा रुपयांची एक वही घेऊन द्या. (शंभरातून वजा करू नका!)

गोदाकाठ | ९ जुलै, रात्री ९:५०

सर, चार दिवस झाले. वहीतलं जसंच्या तसं उतरवते. शुद्धलेखन तेवढं माझं:

आजीचा चष्मा कॉटखाली जातो आणि तो शोधायला आजीला चष्मा लागतो.
बाटली गळून गणिताची वही भिजते, मराठीची भिजत नाही.
आजोबांची गोळी पाकिटातून काढताना उडते.
पाणी कधी येईल कळत नाही म्हणून आई रात्री उठून उठून नळ बघते.
पावसात सायकलची सीट ओली.
बाबा म्हणतात मी पंखा बंद केला होता.
दादा रिमोट देत नाही.

चिंचगुळ | ९ जुलै, रात्री १०:०४

शेवटच्यावर उपाय निघाला तर थेट नोबेल. सहावी कुरकुर आमच्याकडेही आहे, फक्त आमच्याकडे 'बाबा' म्हणजे मी.

जुना_फिटर | ९ जुलै, रात्री १०:४०

गोळीचं सोपं आहे. काडेपेटीच्या बाहेरच्या खोक्याला वरून गोळीपेक्षा जरासं मोठं भोक पाडा. पाकिटातली गोळी त्या भोकावर धरून अंगठ्याने दाबायची, गोळी आत ड्रॉवरमध्ये पडते. उडायला जागाच नाही. खर्च एक रुपया. हात थरथरत असतील तर काडेपेटी लाकडी फळीवर चिकटवा.

मी_मीच | १० जुलै, सकाळी ९:१५

हे बरंय की. झटपट होईल. गोळीचंच करा, बाईपण खूश.

गोदाकाठ | १० जुलै, रात्री ९:२२

काका, तुमची काडेपेटी आजोबांसाठी मी केलीसुद्धा, झकास चाललीय. पण लेक म्हणते "ती त्या काकांची आहे, माझी नाही." तिने चौथी उचललीय, पाण्याची.

आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी. वेळ ठरलेली नाही, कधी रात्री दोनला, कधी पहाटे पाचला. सगळी गल्ली काय करते, तर नळ उघडा ठेवून खाली उपडं ताट. पाणी ताटावर पडलं की आवाजाने जाग येते. पण त्या आवाजाने सगळं घर उठतं, शिवाय गाढ झोप लागली तर पाणी मोरीतून चाललंच. मी एवढंच विचारलं, "मग काय करता येईल?" आणि तोंडाला कुलूप. सर, खरंच जड जातं हो.

तिखटमीठ | १० जुलै, रात्री ९:५८

चार दिवसांआड म्हणजे पुष्कळ की. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं आठवतंय का? तेव्हा माझी बहीण तिथेच होती, सकाळी चहा की दात यातलं एक निवडायचं म्हणायची.

बीसी५४७ | १० जुलै, रात्री १०:१५

बघा, मी म्हटलं तेच सर्किट इथे चालेल. दोन वायरींची टोकं बादलीच्या तळाशी ठेवायची, पाणी आलं की टोकं जोडली जातात आणि बझर वाजतो. कुणी म्हणेल ट्रान्झिस्टर कशाला, बॅटरी-बझर-पाणी सरळ जोडा. तसं धड वाजत नाही. नळाच्या पाण्यातून अगदी थोडा करंट जातो, बझरला तो पुरत नाही. त्या थोड्या करंटने ट्रान्झिस्टर उघडायचा आणि त्याने बझरला पोटभर करंट द्यायचा. मुलीला एवढं समजलं तरी खूप. तांब्याची टोकं सतत पाण्यात राहिली तर हिरवी पडून खराब होतात, तेवढं बघा. आणि घरातल्या बोर्डातली वीज अजिबात वापरू नका, ओल्या जागेत तर नाहीच.

खडूफळा | ११ जुलै, सकाळी ७:०५

सर्किट चांगलं आहे, समजावलंतही छान. पण पाण्याच्या अलार्मचं मॉडेल दरवर्षी प्रत्येक प्रदर्शनात असतं. गोदाताई, तिला एकच प्रश्न विचारून बघा: पाणी येण्याच्या *आधी* नळापाशी काय काय होतं? उत्तर तुम्हाला माहीत असलं तरी सांगू नका. जमल्यास पाण्याच्या दिवशी तिला नळाशेजारी बसू द्या.

गोदाकाठ | १३ जुलै, सकाळी ६:४०

पहाटे साडेचारला पाणी आलं. ती पाटावर गोधडी पांघरून बसली होती. आत्ता वहीत लिहितेय, मी वाचून टाइप करते:

"पाणी यायच्या आधी नळ फुस्स करतो. मग खोकतो. मग थुंकतो. मग लाल पाणी. मग चांगलं पाणी. फुस्स बराच वेळ असतं. फुस्सनेच काहीतरी वाजवता आलं तर आईला पाण्याच्या आधीच कळेल."

मला नळ उघडून ताट लावायचं कळतं, पण इतक्या वर्षांत हे 'फुस्स' कधी कामाचं वाटलं नाही.

जुना_फिटर | १३ जुलै, सकाळी ७:३०

पोरगी हुशार आहे! चाळीस वर्षं पाइपात काढली म्हणून सांगतो. पाणी बंद असताना लायनीत हवा भरते. व्हॉल्व्हमनने व्हॉल्व्ह उघडला की पाणी त्या हवेला पुढे ढकलत येतं आणि मग तुमच्या नळातून हवा सुटते. मोठ्या लायनीवर उंच जागी हवा सोडायला एअर व्हॉल्व्ह बसवतात, तरी गल्लीतली हवा शेवटी घराघरातच निघते. याच हवेने पाण्याचे मीटरही फिरतात, म्हणून लोक भांडतात.

आधी हवेला जोर किती ते बघा. नळाच्या तोंडाला पातळ प्लास्टिकची पिशवी सुतळीने घट्ट बांधा. टम्म फुगली तर काम होईल, नुसती हलली तर अवघड. शेजारी कुणी लायनीला मोटर लावत असेल तर तुमचा नळ हवा सोडण्याऐवजी ओढतोसुद्धा. मोटर लावणं बेकायदा आहे, पण लावतात.

त्यावरून महत्त्वाचं. पाणी जातानाही नळ आत ओढतो. नळाला लावलेल्या नळीचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवायचं नाही, बादलीतलं घाण पाणी लायनीत जातं. जे काही लावाल ते स्वच्छ हवं, आणि पाणी भरून झालं की काढून ठेवायचं.

गोदाकाठ | १७ जुलै, रात्री ८:५५

पिशवी फुगली! टम्म! पाणी त्यानंतर चांगलं पाच-सात मिनिटांनी आलं.

मग प्रश्न, वाजवायचं कशाने. बाबांनी पी.टी.ची शिट्टी आणली, ती वाजेचना. लेकीने जत्रेतली फुग्याची पिपाणी शोधून काढली. फुगा काढून टाकला, नुसती पिपाणी ठेवली. पिशवीत हवा कोंडून तिच्यातून सोडली तर "पीऽऽ" असा किंचाळणारा आवाज. शिट्टी का नाही वाजत आणि पिपाणी का वाजते, कुणी सांगेल का? ती विचारून विचारून डोकं खातेय.

खडूफळा | १७ जुलै, रात्री ९:३०

शिट्टीत हवेचा झोत एका धारेवर आपटून आवाज होतो, त्यासाठी झोत जोरकस लागतो. पिपाणीत पातळ पट्टी असते. हवा जाताना ती फडफडते, थोड्या हवेतही थरथरते. सनईत, बाजाच्या पेटीत हेच तत्त्व. पण हे सांगण्याऐवजी तिला पपईच्या पानाच्या देठाची पिपाणी करायला लावा, टोकाशी चीर पाडून. पट्टी जाड, पातळ, लांब, आखूड केली की आवाज कसा बदलतो ते हातालाच कळेल.

खेळण्यांचं निघालंच आहे म्हणून सांगतो, अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ तिला उघडून द्या. कचऱ्यातून विज्ञानाची खेळणी, पुस्तकं मराठीतही आहेत, सगळं फुकट. आयआयटीत शिकलेला माणूस, १९७०च्या दशकात मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि आगपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबपासून भूमितीचे आकार जोडायला शिकवू लागला. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कितीतरी वर्षं. २०१८ मध्ये पद्मश्री. नक्कल करायला नको, स्वस्त सामानाला हात कसा लावायचा ते बघायला.

गोदाकाठ | २१ जुलै, सकाळी ६:१५

आज पहिल्यांदा खऱ्या नळावर लावलं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा नळाला, दुसऱ्या टोकाला पिपाणी. पहाटे "पीऽऽ" झालं, मी उठले, लेक उठली, दोघी नाचलो. मग पाणी आलं. पिपाणीतून बाहेर पडायला त्याला जागा नाही. ट्यूब फुगत फुगत गेली आणि सुटली. भिंत, देवाचं कपाट, मी, सगळे ओले. आजी म्हणाली, "ताट काय वाईट होतं?"

चिंचगुळ | २१ जुलै, सकाळी ८:४०

आजींचं 'ताट काय वाईट होतं' प्रत्येक शोधाला ऐकावं लागतं. चालू द्या.

बीसी५४७ | २१ जुलै, सकाळी ९:००

ट्यूबला खाली भोक पाडा, पाणी जाईल.

गोदाकाठ | २१ जुलै, रात्री ९:१०

पाडलं. मग हवाही तिथूनच जाते आणि पिपाणी गप्प.

जुना_फिटर | २१ जुलै, रात्री ९:४५

असं दार हवं जे हवेला उघडणार नाही आणि पाण्याला उघडेल. दोघांत फरक कशाचा? तिला विचारा. मी काही सांगत नाही, सरांनी ताकीद दिलीय.

गोदाकाठ | २५ जुलै, रात्री १०:२०

चालतंय! नीट लिहिते.

काकांचा प्रश्न तिला वाचून दाखवला. फरक कशाचा? ती म्हणाली, "पाणी जड असतं." दोन दिवस नुसती ट्यूब हातात घेऊन दुमडत बसली होती. आता असं आहे:

सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा, पण *व्हॉल्व्हची नळी असलेला* भाग. वरचं टोक नळाला सुतळीने आवळलेलं. व्हॉल्व्हच्या आतलं सगळं काढून टाकलं, उरली पितळेची नळी, तिच्यावर पिपाणी. म्हणजे हवेला बाजूने जायला आयती वाट. ट्यूबचं खालचं टोक दोनदा वर दुमडलं आणि वर्तमानपत्राला असतं तसं रबर एकच वेढा. हवेच्या जोराने घडी उघडत नाही, पिपाणी वाजते. पाणी आलं की घडीत साचतं, जड होतं, घडी आपोआप उलगडते आणि धार खाली बादलीत.

कपडे वाळत घालायचा चिमटा लावून पाहिला, फार घट्ट. दोन वेढे रबर, तरी घट्ट. तीनदा दुमडलं तर पुन्हा भिंत ओली. दोन घड्या आणि एक वेढा. वहीत सगळ्यांची चित्रं आहेत आणि तीन घड्यांच्या चित्राशेजारी ओल्या आजीचं चित्र आहे.

खर्च: पिपाणी दहा, रबर-सुतळी घरची, ट्यूब पंक्चरवाल्याने फुकट दिली. ट्यूब साबणाने धुऊन, खळबळून घेतली, काका.

तिखटमीठ | २५ जुलै, रात्री १०:३३

व्हॉल्व्हची नळी वापरायचं डोकं!! पेटंट घ्या पेटंट.

मी_मीच | २५ जुलै, रात्री ११:००

मानलं. पण प्रदर्शनात दाखवणार कसं? शाळेत चार दिवसांआड पाणी येईपर्यंत परीक्षक थांबणार का?

खडूफळा | २६ जुलै, सकाळी ६:५०

चांगला मुद्दा. दोन लिटरची रिकामी बाटली उलटी धरा आणि ट्यूबचं वरचं टोक तिच्या तोंडाला बांधा. बाटली हळूहळू दाबली की 'हवा आली', पिपाणी वाजेल. मग बाटलीच्या वर आलेल्या बुडाला पाडलेल्या भोकातून तांब्याने पाणी ओता, की 'पाणी आलं'. हवा सोडताना ते भोक अंगठ्याने बंद ठेवायचं. खाली टब. मोठा तक्ता, चकचकीत कागद वगैरेच्या मागे लागू नका, बिघडलेले तुकडे ओळीने मांडा. परीक्षक म्हणून मी अनेकदा बसलोय, चांगला परीक्षक आधी तिकडेच वळतो.

गोदाकाठ | ४ ऑगस्ट, संध्या. ७:१५

झालं प्रदर्शन. नंबर सौरदिव्याला गेला, हिला उत्तेजनार्थ. एका परीक्षकांनी विचारलं, "बाबांनी केलं का?" तिने वही उघडून दाखवली, 'भोक बाबांनी पाडलं, बाकी मी' असं तिथे लिहिलेलंच होतं (हडसनपारचा, धन्यवाद). मग त्यांनी विचारलं, दिवसाच पाणी आलं आणि घरी कुणी नसलं तर? म्हणाली, "तर ताटही वाजून उपयोग नाही."

गल्लीतल्या तीन घरांनी मागितलंय. ती पिपाणीचे दहा आणि मजुरीचे पाच सांगतेय. बाबा हिशेब शिकवतायत.

खडूफळा | ४ ऑगस्ट, रात्री ८:४०

अभिनंदन! आता बाईंना सांगून 'इन्स्पायर-मानक'साठी नाव पाठवायला लावा. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची योजना आहे, सहावीपासूनच्या मुलांसाठी. नाव शाळेनेच ऑनलाइन भरायचं असतं, प्रत्येक शाळेला पाच कल्पना पाठवता येतात. निवड झाली तर मॉडेल करायला मुलाच्या खात्यात दहा हजार येतात. तिचं बँक खातं नसेल तर आधी ते उघडा, पुष्कळ मुलांचं घोडं तिथेच अडतं. वर्णनात 'अलार्म' हा शब्द पुढे आणू नका. 'पाण्याआधीच्या हवेचा उपयोग' असं लिहा, वेगळेपण तिथे आहे.

बीसी५४७ | ४ ऑगस्ट, रात्री ९:०५

अभिनंदन. पण असं आधी कुणी केलेलं नाही ना, ते जरा शोधा. नळावर शिट्टी लावायचं परदेशात कुणाला सुचलेलं असू शकतं.

हडसनपारचा | ४ ऑगस्ट, रात्री ९:५०

इथे चोवीस तास पाणी आहे हो, नळ कधी फुस्स करतच नाही. इथे कुणाला सुचायचं कारण नाही. तरी पेटंटचं शोधून बघतो आणि सापडेल ते टाकतो.

शेवगाशेंग | ६ ऑगस्ट, सकाळी १०:१०

धागा आत्ता वाचला. आमच्याकडेही एक दिवसाआड पाणी. पण आमचा नळ जमिनीलगत आहे, खाली लोंबायला वीतभर जागा नाही. आडवी ट्यूब ठेवली तर घडी उघडेल का?

गोदाकाठ | ६ ऑगस्ट, दुपारी ४:३०

शाळेतून आल्यावर तिला विचारलं. म्हणते, आडवी ठेवली तर पाणी घडीत साचणार नाही, उघडेलच असं नाही. नळाला आधी कोपऱ्याचा पाइप लावून तोंड वर काढा, मग तिथून खाली सोडा. आणि विचारतेय, तुमचा नळ किती वेळ फुस्स करतो?